शिकवणीचा प्लॅटफॉर्म दहाव्या तासासाठी बांधा

महोदय,

विद्यार्थी आणि शिकवणारे यांची ऑनलाइन गाठ घालून देणारा प्लॅटफॉर्म काढावा, असे आज अनेकांना वाटते. संगणकशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून तो हाती घेतात, शिक्षकांचे छोटे गट स्वतःची सोय म्हणून त्याचा विचार करतात. हे व्हायलाच हवे. मात्र असे आराखडे उलगडून पाहिले की सगळी मेहनत पहिल्या भेटीवर खर्ची पडलेली दिसते: देखणे पहिले पान, शिक्षकांची फोटोंसह यादी, शोधाची चौकट, 'आता बुक करा' हे बटण. पुढच्या तासांचे काय, याला आराखड्यात फारशी जागाच नसते. आमचे म्हणणे असे, की प्लॅटफॉर्म बांधायचा तो त्याच विद्यार्थ्याचा त्याच शिक्षकाबरोबरचा दहावा तास सुरळीत पार पडावा यासाठी. हा विचार सुरुवातीपासून धरला तर रचनेतले जवळजवळ सगळे निर्णय बदलतात.

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलेला निष्कर्ष या क्षेत्रात सतत सांगितला जातो: एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. पुढे इतका मोठा परिणाम सहसा दिसला नाही. ब्लूम यांचा परिणाम दोन प्रमाण विचलनांचा (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) होता; संशोधक कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ च्या आढाव्यात तो सुमारे ०.७९ निघाला. हाही भरपूरच म्हणायचा. पण ब्लूम यांच्या प्रयोगात शिकवणीबरोबर वारंवार चाचण्या होत्या, चुकलेले पुन्हा करून घेणे होते, एक घटक पक्का झाल्याशिवाय पुढे जाणे नव्हते. सुट्या सुट्या तासांत यातले काहीच जमत नाही.

आधी व्याप्तीचा हिशेब. समजा १०० विद्यार्थ्यांना आठवड्याला प्रत्येकी २ तास हवेत, म्हणजे २०० तास. एक शिक्षक आठवड्याला १० तास देतो असे धरले तर २० शिक्षक पुरावेत. प्रत्यक्षात पुरत नाहीत, कारण शाळकरी मुलांना संध्याकाळच लागते. शिक्षकाच्या १० तासांपैकी ४ सकाळचे असले तर कामाचे उरले ६, आणि मग ३४ शिक्षक लागतात. हा हिशेब एका विषयाचा, एका इयत्तेचा आहे. पहिल्याच दिवशी दहा विषय उघडले तर तो दहा वेळा वेगवेगळा जमवावा लागतो. भाषेचा शिक्षक मोकळा आहे म्हणून गणिताची मागणी भागत नाही. म्हणून सुरुवात एका विषयाने, एक-दोन इयत्तांनी करावी. शोध घेणाऱ्याला पुढच्या ४८ तासांत मोकळे असलेले निदान ३ शिक्षक दिसत नसतील तर नवे विद्यार्थी आणण्याचे काम थांबवावे आणि आधी शिक्षक आणावेत. पहिल्या दहा-पंधरा जोड्या तर साधा फॉर्म, एक स्प्रेडशीट आणि फोन यांवर हाताने जुळवाव्यात. कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर दिलेल्या माणसांची जोडी टिकते, हे तेव्हाच कळते आणि नोंदणीचा फॉर्म त्यावरून ठरवता येतो.

शिक्षकाची पडताळणी करताना ओळखपत्र आणि पदवी तपासावी. त्यातून माणूस खरा आहे आणि त्याला विषय येतो एवढे कळते. शिकवता येते का, हे पाहायला वीस मिनिटांचा नमुना तास घ्यावा आणि त्यात एक चुकलेले उदाहरण पुढे ठेवावे. उदाहरणार्थ, मुलाने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचे उत्तर दोन पंचमांश काढले आहे. काही जण लगेच छेद समान करायची रीत सांगू लागतात. चांगला शिक्षक विचारतो, 'दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?' मूल थबकते, कारण अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे त्याला स्वतःलाच दिसते. असा प्रश्न विचारणारा माणूस यादीत वर यायला हवा, आणि त्याच्या पदवीवरून तो ओळखू येत नाही. नमुना तास पाहायला दोन जुने शिक्षक बसवावेत, दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता द्यावेत, फार फरक पडला तर तिसऱ्याला विचारावे.

जोड्या जुळवण्यासाठी गणिती पद्धत लागेल का, असे तरुण अभियंते हमखास विचारतात. गणितज्ञ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली स्थिर जोड्या, म्हणजे ज्या मोडून दोघांनी परस्पर नवी जोडी करावी असे कोणालाच वाटणार नाही अशा जोड्या, जुळवण्याची सुंदर पद्धत दिली. २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना याच प्रकारच्या कामासाठी मिळाले. ती उपयोगी पडते ती सगळ्यांनी आपले पसंतीक्रम एकाच वेळी दिले तर, जसे महाविद्यालयीन प्रवेशात देतात. शिकवणीत माणसे रोज येतात-जातात. इथे साधी गाळणी पुरते, फक्त तिचा क्रम नीट हवा: आधी मोकळी वेळ, मग नेमका घटक आणि इयत्ता, मग शिकवण्याची भाषा, मग दर, आणि रेटिंग सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला की पहिल्या पानावर तेच दहा नामवंत शिक्षक झळकतात आणि त्यांतला एकही तीन आठवडे मोकळा नसतो. विषयाचे नावही 'गणित' एवढेच ठेवून भागत नाही. अपूर्णांक, बीजगणित, भूमिती असे घटक नोंदवलेले असावेत, कारण पालक शोधतात ते मूल जिथे अडले आहे ते.

आता वेळापत्रक. या कामातला सर्वांत अवघड भाग हाच. 'दर रविवारी ५ ते ९ मोकळा' हा नियम आणि 'अमुक तारखेला ७ वाजता' हा ठरलेला तास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना डेटाबेसमध्ये दोन वेगळे तक्ते हवेत. नियम शिक्षकाच्या स्थानिक वेळेत, टाइम झोनच्या नावासकट ठेवायचा. ठरलेला तास यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, ठेवायचा आणि दाखवताना ज्याच्या त्याच्या घड्याळात बदलून दाखवायचा. टाइम झोनच्या नावाऐवजी नुसता यूटीसीपासूनचा तासांचा फरक साठवला की पुढे घात होतो, कारण अनेक देशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो.

एक उदाहरण घेऊ. शिक्षक भारतात आहे. रविवारी संध्याकाळी ७ ला त्याचा लंडनचा विद्यार्थी येतो. तिथे दुपारचे दीड वाजलेले असतात. ८ ला न्यूयॉर्कचा येतो. तिथे सकाळचे साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे तासभर पुढे जातात. न्यूयॉर्कचे साडेनऊ आता भारतातल्या ७ वाजता येतात आणि दोन्ही मुले एकाच वेळी दारात उभी राहतात. ब्रिटनची घड्याळे हलतात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मग लंडनचा तास ६ वर सरकतो आणि गुंता आपोआप सुटतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत मात्र एक मूल ताटकळते, आणि शिक्षकाने जाणूनबुजून टाळले असा समज होतो. एकेक तास सुटा बुक होत असेल तर हे जाणवतही नाही. दर आठवड्याचा ठरलेला तास दिला की हा गुंता पहिल्या वसंतातच डोके वर काढतो. यावर उपाय असा: दर आठवड्याच्या तासासाठी विद्यार्थ्याचे घड्याळ प्रमाण मानावे, पुढचे ८ आठवडे आधीच मांडून पाहावेत, आणि टक्कर दिसली की तिघांनाही, म्हणजे शिक्षक व दोन्ही कुटुंबांना, निदान १५ दिवस आधी कळवावे. शक्यतो पर्यायी वेळ सुचवूनच.

दुसरा धोका एकाच तासाच्या दोन बुकिंगचा. प्रोग्राम आधी विचारतो, 'तास मोकळा आहे का?' आणि हो म्हटल्यावर नोंद करतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या कोणी तेच बटण दाबले तर दोघांनाही 'मोकळा आहे' असेच उत्तर मिळते आणि दोघांचीही नोंद होते. एकट्याने चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही; परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नेमके दिसते. ही राखण प्रोग्रामवर न सोपवता डेटाबेसवर सोपवावी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट नावाची सोय आहे: एकाच शिक्षकाचे दोन कालखंड एकमेकांवर आले की दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. कालखंडाची सुरुवात आत आणि शेवट बाहेर असा धरावा, नाहीतर ६ ते ७ आणि ७ ते ८ हे शेजारचे तासही भांडू लागतात.

पैसे भरेपर्यंत तास १० मिनिटे राखून ठेवावा लागतो. इथे एक बारीक अडचण आहे. डेटाबेसच्या अशा अटीत 'आत्ता किती वाजले' हे विचारता येत नाही, त्यामुळे मुदत संपलेला राखीव तास आपोआप मोकळा होत नाही. दर मिनिटाला झाडलोट करणारे एक काम मागे चालू ठेवावे लागते, आणि नवे बुकिंग करतानाही जुने मुदतबाह्य राखीव आधी काढावे लागतात. शिवाय कधी कधी पैसे अकराव्या मिनिटाला येतात. तोवर तास दुसऱ्याला गेलेला असतो. अशा वेळी काय करायचे हे आधी ठरलेले हवे: तास मोकळा असेल तर पक्का करा, नसेल तर ताबडतोब पूर्ण रक्कम परत करा आणि तीन जवळच्या वेळा सुचवा.

आठवण देणाऱ्या संदेशांचीही अशीच गत होते. बुकिंग होताच 'एक तास आधी पाठवा' असा संदेश रांगेत टाकून ठेवला आणि पुढे तास बदलला, तर जुन्या वेळेचा संदेशही जातो. रांगेत फक्त बुकिंगचा क्रमांक ठेवावा आणि पाठवायच्या क्षणी वेळ पुन्हा तपासावी.

पैशांच्या बाबतीत काही नियम मोडूच नयेत. रक्कम सर्वांत लहान एककात (रुपयांऐवजी पैशांत), पूर्णांकात साठवावी. दशांश अपूर्णांकात संगणक ०.१ अधिक ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे देतो आणि हजारो व्यवहारांनंतर हिशेब जुळत नाही. कार्डाचा क्रमांक आपल्या सर्व्हरवर येऊच देऊ नये, तो परस्पर पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेकडे, जावा. गेटवेकडून 'पैसे आले' असा निरोप येतो तो कधी दोनदा येतो, कधी उशिरा, तर कधी उलट्या क्रमाने. प्रत्येक निरोपाची डिजिटल सही तपासावी (तो खरोखर गेटवेकडूनच आला का, हे तिच्यावरून कळते), त्याचा क्रमांक नोंदवावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काहीही करू नये. खात्यातली शिल्लक हा एक आकडा ठेवून तो वर-खाली करत राहण्यापेक्षा जमा-नावे अशी दुहेरी वही ठेवावी आणि शिल्लक तिच्यातून काढावी. तंटा झाला की हीच वही कामी येते. शिक्षकाचे पैसे तास संपल्यावर २४ तासांनी मोकळे करावेत, म्हणजे तक्रारीला वाव राहतो. त्याहून फार अडकवू नयेत, चांगले शिक्षक निघून जातात. तास रद्द करण्याचा नियम दोन्ही बाजूंना सारखा असावा. २४ तास आधी कळवले तर पूर्ण परतावा. कोणी १० मिनिटांत आलेच नाही तर तास बुडाला असे धरावे, आणि कोण किती वाजता आले हे सर्व्हरच्या नोंदीवरून ठरवावे, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे.

जोडी जमली की दोघे बाहेर परस्पर व्यवहार करतील, ही भीती प्रत्येक चालकाला असते. त्यासाठी संदेशांमधले फोन क्रमांक पुसणारी गाळणी लावली जाते. लोक क्रमांक अक्षरांत लिहितात, तासातल्या ऑनलाइन फळ्यावर लिहितात, तासात तोंडी सांगतात. गाळणीने फक्त प्रामाणिक माणसांचे संदेश बिघडतात. गणिताच्या उत्तरातला दहा अंकी आकडासुद्धा पुसला जातो. मुळात दुसऱ्या महिन्यातही पहिल्या दिवसाइतकेच कमिशन मागणे अन्यायाचे आहे. ओळख करून दिली, पडताळणी केली, याचा मोबदला सुरुवातीला घ्यावा. त्याच जोडीचे तास वाढतील तसे कमिशन टप्प्याटप्प्याने उतरवावे. उरलेल्या थोड्या कमिशनच्या बदल्यात वेळापत्रक, पैशांची हमी आणि शिक्षक आजारी पडला तर बदली शिक्षक या सोयी मिळत असतील तर लोक राहतात.

तासाची खोली. सुरुवातीला तयार व्हिडिओ कॉल सेवेचा दुवा वापरायला हरकत नाही. मात्र प्रत्येक तासाला नवा दुवा हवा. एकच कायमचा दुवा ठेवला तर आधीचे मूल पुढच्याच्या तासात शिरते. पुढे स्वतःची खोली बांधायची झाली तर वेबआरटीसी हे ब्राउझरमधूनच आवाज आणि चित्र पाठवण्याचे प्रमाण तंत्र आहे. जानेवारी २०२१ पासून ते अधिकृत मानक आहे. दोघांचाच तास असल्याने आवाज आणि चित्र थेट एकमेकांकडे जाऊ शकते, पण काही शाळांची आणि कार्यालयांची नेटवर्क हे अडवतात. त्यांच्यासाठी दोघांमधली वाहतूक पुढे पोचवणारा मध्यस्थ टर्न सर्व्हर ठेवावा आणि तो ४४३ या पोर्टवर टीएलएसमधूनही, म्हणजे सुरक्षित वेबसाइटांच्या नेहमीच्या वाटेने, चालेल असा ठेवावा, नाहीतर काही मुलांना कायम काळा पडदा दिसतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

नेट कमी पडले की आधी काय सोडायचे, हे ठरवून ठेवावे. चेहरा आधी सोडावा, मग फळा, आवाज कधीच नाही. ओपस या आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीत बोलण्याचा आवाज सेकंदाला ३२ किलोबिटमध्ये स्वच्छ येतो, म्हणजे तासाला एका बाजूने सुमारे १४ मेगाबाइट. सेकंदाला ५०० किलोबिटचे चित्र तासाला २२५ मेगाबाइट खाते. फळा चित्र म्हणून पाठवू नये. रेघांचे बिंदू पाठवावेत. ते अगदी थोड्या जागेत मावतात, धूसर होत नाहीत आणि तास संपल्यावर जसेच्या तसे साठवता येतात. संपर्क तुटून पुन्हा जुळला तर फळा आधी होता तसाच दिसला पाहिजे. पुढच्या तासाला मागचा फळा उघडता येणे, ही सोय आम्ही कोणत्याही सजावटीच्या आधी बांधू.

रेटिंगबद्दल. दोनच जणांनी पाच तारे दिलेला शिक्षक २०० जणांकडून ४.८ मिळालेल्याच्या वर दिसू नये. प्रत्येकाला आरंभी ४.५ ची १० काल्पनिक मते द्यावीत. मग पहिल्याचे होतात ४.५८ आणि दुसऱ्याचे ४.७९, क्रम जागेवर येतो. मत देण्याचा हक्क पूर्ण झालेल्या तासालाच असावा. दोघांची मते एकदमच उघडावीत, म्हणजे कोणी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. ताऱ्यांपेक्षा बोलका आकडा म्हणजे किती विद्यार्थी चौथ्या तासाला परत आले. परीक्षेपुरते शिकवणाऱ्यांना तो अन्यायकारक ठरू शकतो, म्हणून त्यांचा गट वेगळा मोजावा.

मुलांच्या सुरक्षिततेत तडजोड नको. खाते पालकाचे, त्याखाली मुलाचे. मुलाची माहिती घ्यायला पालकाच्या संमतीशिवाय चालत नाही ते वय अमेरिकेत १३ च्या आत, युरोपीय संघात देशागणिक १३ ते १६, आणि भारताच्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आत आहे. वेगवेगळ्या देशांतली मुले घ्यायची असतील तर सर्वांत कडक नियम धरूनच रचना करावी. शिक्षक आणि मूल यांच्यातला प्रत्येक संदेश पालकाला पाहता यावा, आणि हे तिघांनाही आधीच माहीत असावे. चित्रीकरण केले तर संमतीने, आणि ठरलेल्या दिवशी ते आपोआप पुसले जावे. तक्रारीचे बटण तासाच्या खोलीतच हवे, त्यामागे उत्तर देणारा माणूस हवा, आणि गंभीर तक्रार आली की चौकशी होईपर्यंत त्या शिक्षकाचे पुढचे सगळे तास एका कृतीत थांबवता आले पाहिजेत. हे काम प्रत्येक बुकिंग उघडून हाताने करावे लागू नये.

शेवटी, शिक्षक मध्येच सोडून गेला तर काय, याची तजवीज. प्रत्येक तासानंतर शिक्षकाने तीन ओळींची नोंद करावी: काय झाले, मूल कुठे अडले, पुढच्या वेळी कुठून सुरू करायचे. ती सक्तीची केली की लोक 'छान झाले' असे लिहून मोकळे होतात. त्यामुळे सक्ती एकाच रकान्याची ठेवावी, मुलाने चुकवलेले एक उदाहरण जसेच्या तसे उतरवण्याची. बाकीच्या दोन ओळी ऐच्छिक. नव्या शिक्षकाला पालकाच्या संमतीने अशा मागच्या पाच नोंदी आणि पाच फळे मिळाले तर त्याचा पहिला तास ओळख करून घेण्यात जात नाही. जुन्या शिक्षकाचे न झालेले तास त्याच दिवशी रद्द होऊन त्यांची रक्कम पालकाच्या खात्यात दिसावी, आणि आठवड्याची ठरलेली वेळ नव्या शिक्षकाच्या वेळापत्रकात बसते का हे यंत्रणेने आधी तपासून मगच त्याचे नाव सुचवावे.

आपले नम्र,
शिकवणी प्लॅटफॉर्मच्या बांधणीचे काम करणारे काही वाचक